एअरसॉफ्ट पिस्तूल: आधी नळी आणि रबर बदलावे की धातूची स्लाइड बसवावी?

गॅसवर चालणाऱ्या एअरसॉफ्ट पिस्तुलात (प्लॅस्टिकचे छोटे छर्रे झाडणाऱ्या खेळाच्या पिस्तुलात) पहिला बदल कोणता करावा, याबाबत खेळाडूंमध्ये दोन मते आढळतात. काही जण आतली नळी आणि हॉप-अपचे (छर्र्याला फिरकी देणाऱ्या यंत्रणेचे) रबर बदलतात, तर काही जण मूळ प्लॅस्टिकच्या स्लाइडच्या (झाडताना मागे-पुढे सरकणाऱ्या वरच्या भागाच्या) जागी धातूची स्लाइड बसवतात. पिस्तूल मैदानावर वापरायचे असेल, तर पहिला मार्ग निःसंशय सरस आहे आणि त्यातही नळीच्या आधी रबराचा विचार व्हावा, असे माझे मत आहे.

छर्‍याचा व्यास साधारण ५.९५ मिमी असतो. तोक्यो मारुई या जपानी कंपनीच्या पिस्तुलांतील मूळ नळी आतून सुमारे ६.०८ मिमीची असते, तर वेगळ्या मिळणाऱ्या घट्ट नळ्या बहुधा ६.०३ किंवा ६.०१ मिमीच्या असतात. पोकळी कमी झाल्याने गॅस कमी वाया जातो आणि वेग थोडा वाढतो; मात्र नेम सुधारेलच असे नाही, कारण छर्‍याला उलटी फिरकी देऊन हवेत तोलून धरण्याचे काम रबर करते. ती फिरकी दर वेळी सारखी मिळाली नाही, तर महागडी नळीही निरुपयोगी ठरते. शिवाय ६.०१ मिमीची नळी थोडी धूळ किंवा निकृष्ट छर्रा आला तरी अडते, म्हणून ६.०३ मिमीची नळी अधिक व्यवहार्य वाटते. रबर निवडताना ५० अंश कठीणपणाचे मऊ रबर थंडीत आणि कमी दाबाच्या गॅसवर चांगली पकड देते, तर जोरदार पिस्तुलासाठी ६० किंवा ७० अंशांचे रबर अधिक टिकाऊ ठरते.

रबर बसवताना घाई करू नये. मॅगझिन काढून, चेंबर रिकामा असल्याची खात्री करून आणि डोळ्यांवर संरक्षक चष्मा लावूनच पिस्तूल उघडावे. हॉप-अप चेंबरचे स्क्रू काढल्यावर त्याचे दोन अर्धे वेगळे होतात आणि आत नळीच्या टोकावर चढवलेले रबर दिसते. नव्या रबराच्या आतला उंचवटा नळीच्या खिडकीच्या (वरच्या खाचेच्या) बरोबर मध्यावर यायला हवा. तो केसभर जरी तिरका बसला, तरी छर्रा सातत्याने एकाच बाजूला वळत राहतो आणि दोष उगाच नळीवर येतो. रबराची आतली बाजू कोरडी ठेवावी. तेलाचा एक थेंबही पकड बिघडवतो आणि पेट्रोलियमजन्य तेलाने रबर फुगते. त्यामुळे इतर सांध्यांसाठीही सिलिकॉन तेलच वापरावे.

धातूच्या स्लाइडचे आकर्षण समजण्यासारखे आहे. तिचे वजन, आवाज आणि धक्का प्लॅस्टिकला येत नाही. जोरदार गॅसवर प्लॅस्टिकची स्लाइड तडकण्याचा धोकाही असतो, आणि तिथे ही निवड रास्त ठरते. पण जड स्लाइड ढकलायला अधिक गॅस खर्च होतो, मॅगझिन लवकर गार पडते आणि सलग वेगाने झाडताना स्लाइड मंद होते. १३४ए सारख्या कमी दाबाच्या गॅसवर स्टीलची स्लाइड धड मागेही जात नाही, म्हणून त्यापेक्षा हलकी अ‍ॅल्युमिनियमची बरी. सोबत रिकॉइल स्प्रिंग (स्लाइड परत पुढे आणणारी) बदलावीच लागते, आणि स्टीलचा कठीण भाग मूळच्या मऊ मिश्रधातूच्या भागावर घासत राहिला, तर मऊ भागाची झीज अटळ असते. हॅमर (ठोकणारा भाग) आणि सिअर (त्याला अडवून धरणारा भाग) एकाच संचातून घ्यावेत ते याचसाठी.

खरेदीपूर्वी सुसंगतता तपासावी, कारण बहुतेक सुटे भाग मारुईच्या मापांनुसार बनतात. मारुईच्या हाय-कॅपा पिस्तुलाच्या धर्तीवरील अनेक प्रतिकृतींत ते थोड्या घासकामाने बसतात. अन्य कंपन्यांच्या ग्लॉक पिस्तुलाच्या प्रतिकृतींत मात्र हॉप-अप आणि नोझलची (छर्रा चेंबरमध्ये ढकलणाऱ्या टोकाची) मापे निराळी निघू शकतात.

एका वेळी एकच भाग बदलून, दरवेळी क्रोनोग्राफवर वेग मोजून मगच पुढे जावे. ०.२० ग्रॅमचा छर्रा सेकंदाला १०० मीटर वेगाने सुटला, की ऊर्जा बरोबर १ जूल होते. आपल्या मैदानाची मर्यादा किती, हे नवी नळी मागवण्याआधीच विचारून घ्यावे.