घरात शुगर-हार्टची हिस्ट्री आहे: डीएनए टेस्ट करायची की व्यायामाला लागायचं?

आईला शुगर, काकांची बायपास झालेली, आणि आपली वयाची चाळिशी जवळ आलेली. अशा वेळी दोन गोष्टी समोर येतात, एक म्हणजे थुंकीचं सॅम्पल पाठवून होणारी डीएनए टेस्ट आणि दुसरी म्हणजे रोजचा व्यायाम, जो सगळे डॉक्टर सांगतात आणि आपण पुढच्या सोमवारवर ढकलतो. पैसे आणि वेळ दोन्ही मर्यादित असतील तर आधी काय करायचं, एवढ्यासाठी हे लिहितेय. माझं मत आधीच सांगते, बहुतेक घरांसाठी व्यायाम आधी. पण काही घरांत जेनेटिक टेस्ट आधी लागते आणि तिथे चुकीचा व्यायाम जिवावर बेतू शकतो, म्हणून शेवटचा भाग वगळू नका प्लीज.

मी जास्त भर मेटा-ॲनालिसिसवर दिलाय. म्हणजे एकाच प्रश्नावरचे जगभरातले वेगवेगळे अभ्यास गोळा करून सगळ्यांचा एकत्र हिशोब मांडायचा. एका छोट्या अभ्यासात योगायोगाने दिसलेली गोष्ट अशा हिशोबात सहसा टिकत नाही.

वजनापासून सुरुवात करू, कारण डीएनए रिपोर्टात एफटीओ हे नाव बहुतेक वेळा असतंच. २००७ साली हा जीन वजनाशी जोडला गेला, त्याची रिस्कवाली प्रत आईकडून आणि वडिलांकडून अशी दोन्हीकडून आली असेल तर माणूस सरासरी तीन किलोने जड असतो असं दिसलं आणि लगेच 'लठ्ठपणाचा जीन सापडला' असा गाजावाजा झाला. मग २०११ मध्ये ४५ अभ्यासांतल्या २ लाख १८ हजार प्रौढांचा डेटा एकत्र केला गेला, आणि त्यात काय निघालं तर बैठ्या लोकांमध्ये रिस्कवाल्या प्रत्येक प्रतीमागे लठ्ठपणाची शक्यता ३० टक्क्यांनी वाढते पण हालचाल करणाऱ्यांमध्ये २२ टक्क्यांनीच. म्हणजे जीनचा जोर साधारण चौथ्या हिश्शाने कमी झाला. आणि इथे ॲक्टिव्ह म्हणजे कोणी खेळाडू नव्हेत हां, साधारण असं धरलं होतं की काम बैठं आणि वर आठवड्याला तासभरही हालचाल नाही ते बैठे, बाकी सगळे ॲक्टिव्ह. इतक्या सैल निकषालाही फरक दिसला हे मला फार महत्त्वाचं वाटतं. मुलांमध्ये मात्र असा फरक दिसला नाही, तेव्हा हा आकडा घरातल्या दहा वर्षांच्या पोराला लावू नका.

आता हार्ट, आणि इथे जरा थांबून आकडे बघा. २०१६ मध्ये ५५ हजारांवर लोकांचा एक मोठा अभ्यास आला. त्यांनी ५० जागांवरच्या जनुकीय फरकांवरून प्रत्येकाचा स्कोअर काढला, आणि दुसरीकडे चार गोष्टी तपासल्या: सिगरेट नाही, लठ्ठपणा नाही, आठवड्यातून निदान एकदा व्यायाम, आणि बऱ्यापैकी आहार. वाईट जीनवाल्या वरच्या पाचव्या हिश्शाला खालच्या हिश्शापेक्षा ९१ टक्के जास्त धोका होता, म्हणजे अनुवंशिकता खोटी नाही, 'आमच्या घराण्यातच आहे' हे लोक म्हणतात त्यात तथ्य आहे. पण त्यातल्याच एका अमेरिकन गटात दहा वर्षांत हार्टचा मोठा त्रास होण्याचं प्रमाण असं होतं: वाईट जीन आणि वाईट सवयी १०.७ टक्के, वाईट जीन पण चांगल्या सवयी ५.१ टक्के, चांगले जीन पण वाईट सवयी ५.८ टक्के, चांगले जीन आणि चांगल्या सवयी ३.१ टक्के.

मधले दोन आकडे परत वाचा. घराण्याने वाईट पत्ते दिले तरी नीट राहणारा माणूस, चांगले पत्ते मिळूनही बेफिकीर राहणाऱ्यापेक्षा किंचित पुढेच आहे. आणि चांगल्या सवयींसोबत वाईट जीनवाल्यांचा धोका १०.७ वरून ५.१ वर, म्हणजे ५.६ ने उतरलेला दिसला, चांगल्या जीनवाल्यांचा ५.८ वरून ३.१ वर, म्हणजे २.७ ने. म्हणजे ज्याच्या घरात हिस्ट्री आहे त्यालाच या सवयींचा फायदा जास्त, आणि नेमका तोच 'आपल्या नशिबातच आहे' म्हणून सोडून देतो, याचं मला खरंच वाईट वाटतं. यात चारही सवयी एकत्र आहेत, एकट्या व्यायामाचं श्रेय वेगळं काढलेलं नाही. पण २०१८ मध्ये यूके बायोबँक या ब्रिटनमधल्या आरोग्य-माहितीच्या मोठ्या साठ्यातल्या जवळपास पाच लाख लोकांवर झालेल्या अभ्यासात फिटनेस वेगळा बघितला होता, तिथेही हार्टचा जनुकीय धोका जास्त असलेल्यांत जे जास्त फिट होते त्यांना कमी फिट असलेल्यांपेक्षा ४९ टक्के कमी धोका दिसला.

शुगरचं बोलायचं तर आपल्यासाठी सगळ्यात जवळचा पुरावा चेन्नईचा आहे. अमेरिकेतल्या २००२ च्या मोठ्या ट्रायलमध्ये, आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम आणि ७ टक्के वजन कमी हे टार्गेट दिल्यावर डायबेटिस होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं, मेटफॉर्मिन या शुगरच्या गोळीने ३१ टक्क्यांनी. चेन्नईत बॉर्डरलाइन शुगरवाले ५३१ लोक घेतले, रोज अर्धा तास भरभर चालणं आणि साखर-मैदा-तेल कमी एवढंच सांगितलं, तर तीन वर्षांत काहीच न केलेल्या गटात ५५ टक्के लोकांना डायबेटिस झाला आणि या गटात ३९.३ टक्के. गोळीवाल्या गटात ४०.५. अमेरिकेइतका दणदणीत फरक नाही, पण चालणं गोळीच्या तोडीस तोड ठरलं. आणि काहीच न केलं तर तीन वर्षांत निम्म्याहून जास्त लोक डायबेटिसमध्ये जातात, हे वाचून मी हादरले होते.

आपल्याकडे वजनावर विसंबून चालत नाही याचंही कारण आहे. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये लंडनच्या एका सहकाऱ्यासोबत स्वतःचंच उदाहरण मांडलं होतं, दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) अगदी सेम, २२.३, पण शरीरातली चरबी एकाची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. दिसायला सडपातळ, आतून चरबी. म्हणून 'मी तर बारीक आहे, मला कशाला व्यायाम' हे आपल्या लोकांनी तरी म्हणू नये.

मग डीएनए टेस्टने नुकसान काय, माहिती मिळाली तर माणूस सुधारेलच ना? नेमकं हेच २०१६ च्या एका मेटा-ॲनालिसिसने तपासलं, १८ अभ्यास एकत्र करून. जनुकीय धोका सांगितल्यामुळे लोकांनी ना सिगरेट सोडली, ना खाणं बदललं, ना व्यायाम वाढवला, निदान दखल घ्यावी इतका तरी फरक नव्हता. उलट स्टॅनफर्डच्या एका प्रयोगात काही लोकांना मुद्दाम सांगितलं की तुमचा जीन व्यायामाला प्रतिकूल आहे, तर ट्रेडमिलवर त्यांचा दम आधीपेक्षा लवकर संपला, त्यांचा खरा जीन काहीही असला तरी. शिवाय हे रिस्क स्कोअर बहुतांश युरोपियन वंशाच्या लोकांच्या डेटावर बनलेत आणि आपल्यावर ते तेवढे अचूक बसत नाहीत. तेच पैसे दरवर्षी एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी शुगर), लिपिड प्रोफाइल (कोलेस्टेरॉल) आणि बीपी तपासण्यात घातले तर जास्त उपयोग, कारण ते आकडे बदलतात आणि तुमच्या मेहनतीचं फळ तिथे दिसतं.

चालणं की जिम, हे भांडण मला फारसं पटत नाही, दोन्ही हवंय. सुरुवात चालण्याने करा, कारण त्याला फी नाही. रोज ११ मिनिटं, म्हणजे आठवड्याला ७५ मिनिटं भरभर चालण्यानेसुद्धा हार्टच्या आजारांचा धोका १७ टक्के कमी दिसतो, हे २०२३ च्या, कोट्यवधी लोकांच्या डेटावरच्या मेटा-ॲनालिसिसमधलं आहे. पावलं मोजत असाल तर साठीच्या आतल्यांसाठी ८ ते १० हजार आणि पुढच्यांसाठी ६ ते ८ हजार, त्यापुढे फायदा फारसा वाढत नाही. त्यात आठवड्यातून दोन दिवस वेट्स, स्क्वॉट्स, पुशअप्स, सूर्यनमस्कार, जे जमेल ते घाला. २०२२ च्या एका मेटा-ॲनालिसिसमध्ये स्नायूंच्या व्यायामाचा सगळ्यात जास्त फायदा आठवड्याला ३० ते ६० मिनिटांतच दिसला, आणि चालणं-धावणं सोबत असेल तर मृत्यूचा धोका ४० टक्क्यांपर्यंत कमी. हे आकडे मात्र लोकांवर नुसती नजर ठेवून काढलेत, आणि जो मुळात तब्येतीने बरा तोच जास्त चालतो हेही खरं, त्यामुळे ४० चा आकडा थोडा फुगलेला असेल असं मी धरते. चेन्नईचा आकडा तसा नाही, तिथे कोणी चालायचं हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवलं होतं, म्हणून माझा त्याच्यावर जास्त विश्वास.

आता ती काही घरं. एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, १९० च्या वर आणि घरात कमी वयात हार्ट अटॅक आलेले असतील तर ते जन्मजात कोलेस्टेरॉल असू शकतं, तिथे नुसतं चालून भागत नाही, गोळ्या लागतातच आणि जेनेटिक टेस्टने निदान पक्कं होतं. घरात अनेकींना ब्रेस्ट किंवा ओव्हरीचा कॅन्सर झाला असेल तर बीआरसीए टेस्टबद्दल (या कॅन्सरशी जोडलेल्या जीनची टेस्ट) डॉक्टरांना विचारा. आणि कोणी तरुणपणी खेळताना किंवा झोपेत अचानक गेलं असेल, तर व्यायाम वाढवण्याआधी ईसीजी आणि इको (हृदयाची सोनोग्राफी) करून घ्या, कारण हृदयाच्या स्नायूचे काही आनुवंशिक आजार असतात, त्यातल्या एकात तर लांब पल्ल्याच्या धावण्याने आजारच बळावतो. अशा घरातल्या कोणी मुंबई मॅरेथॉनचं ट्रेनिंग सुरू करायच्या आधी कार्डिओलॉजिस्टला भेटलंच पाहिजे. टेस्टही थुंकीच्या किटवाली नाही, जेनेटिक काउन्सेलरमार्फत करायची, आणि शक्यतो आधी ज्याला आजार आहे त्याची. त्याच्यात दोष सापडला की बाकी भावंडांची फक्त तेवढ्याच दोषासाठी तपासणी करता येते, ती स्वस्तही पडते आणि उत्तर हो किंवा नाही असं सरळ मिळतं.