ग्लाइन्स कॅन्यन निरीक्षणस्थळ, एल्व्हा नदी: पायपीट करून पाहावे असे ठिकाण

अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात, ऑलिंपिक राष्ट्रीय उद्यानातून वाहणाऱ्या एल्व्हा नदीवर १९२७ मध्ये उभे राहिलेले २१० फूट उंचीचे ग्लाइन्स कॅन्यन धरण आता नाही. त्याच्या भिंतीचा शेवटचा भाग ऑगस्ट २०१४ मध्ये सुरुंग लावून उडवण्यात आला. दोन्ही काठांवरचे थोडे अवशेष मात्र मुद्दाम राखून उद्यानाने तिथे कठडे आणि माहितीफलक बसवले आहेत. सिॲटल परिसरातली मराठी कुटुंबे पाहुणे आले की ऑलिंपिकला जातातच; त्यांनी या ठिकाणासाठी अर्धा दिवस राखून ठेवावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

आधी अडचण सांगतो. धरण गेल्यावर मोकळी झालेली नदी पात्र बदलू लागली आणि पुरांनी ऑलिंपिक हॉट स्प्रिंग्ज रोड वाहून नेला. त्यामुळे गाडी मॅडिसन फॉल्सच्या वाहनतळावर ठेवून पुढचे काही मैल चालत जावे लागते. सायकल नेता येते, पण रस्ता तुटला आहे तिथल्या पर्यायी पाऊलवाटेवर ती हाताने ढकलावी लागते. गुडघे दुखणाऱ्या आई-वडिलांना किंवा चाकाच्या खुर्चीवरील व्यक्तीला इथवर आणणे जवळजवळ अशक्य आहे आणि त्याची मला मनापासून खंत वाटते, कारण मूळ जागा अगदी सपाट आणि सोयीची आहे.

सांडव्याच्या काँक्रीटवर उभे राहून कठड्यावरून खाली पाहिले की सुमारे दोनशे फुटांवर अरुंद घळीतून नदी जाताना दिसते आणि ज्या पोकळीत भिंत होती तिचा आकार डोळ्यांत भरतो. मान वळवली की दुसऱ्या बाजूला धरणामागच्या, आता रिकाम्या झालेल्या मिल्स जलाशयाचे रुंद बुडीत क्षेत्र पसरलेले असते. एकाच जागेवरून या दोन्ही गोष्टी दिसतात, हेच या ठिकाणाचे खरे मोल आहे. धरण काढणे म्हणजे भिंत फोडणे असा जो समज असतो, तो इथे दहा मिनिटांत दूर होतो.

भिंत फोडणे हे तुलनेने सोपे काम होते. अवघड होता तो गाळ. हे धरण आणि नदीवर त्याच्या खाली असलेले, तेही काढलेले एल्व्हा धरण, या दोन्हींच्या जलाशयांत मिळून सुमारे तीन कोटी घनयार्ड गाळ साचला होता. तो एकदम सुटला असता तर खालचे पात्र, मासे आणि पोर्ट एंजल्स शहराचे पाणी, सगळेच संकटात आले असते. म्हणून २०११ च्या सप्टेंबरपासून भिंतीला वरून थोड्या थोड्या खाचा पाडत पाणी उतरवले गेले, माशांच्या स्थलांतराच्या काळात काम थांबवले गेले आणि शहरासाठी पाणी शुद्ध करण्याची नवी व्यवस्था आधीच उभारण्यात आली. सुमारे ३२.५ कोटी डॉलरच्या एकूण खर्चातला मोठा वाटा अशाच कामांचा होता. जुन्या बोटी उतरवण्याच्या जागेकडून खाली बुडीत क्षेत्रात उतरलात, तर नदीने कापलेल्या कडा जवळून पाहता येतात: तळाशी बोटाने दाबला जाणारा बारीक राखाडी गाळ, त्यावर वाळू आणि गोट्यांचा थर, आणि माथ्यावर आल्डर व विलोची कोवळी झाडे. गाळ उपसून शेतात टाकण्याची योजना ज्या महाराष्ट्रात चालते, तिथल्या माणसाने हे थर अवश्य पाहावेत.

फलक सावकाश वाचावेत, पण थोडी पार्श्वभूमी ठाऊक असेल तर ते अधिक कळतात. मुखापासून जेमतेम पाच मैलांवरचे एल्व्हा धरण १९१३ मध्ये पूर्ण झाले. माशांना वर जाण्यासाठी वाट ठेवण्याचा कायदा राज्यात १८९० पासून असूनही दोन्ही धरणांना ती ठेवलीच नव्हती, आणि समुद्रातून नदीत चढणाऱ्या सॅमन माशांसाठीचे सत्तर मैलांहून अधिक पात्र व उपनद्या तोडल्या गेल्या. लोअर एल्व्हा क्लॅलम या मूळनिवासी समाजाचे जगणे आणि श्रद्धा या माशांशी बांधलेल्या आहेत, आणि त्यांच्या दीर्घ आग्रहाशिवाय अमेरिकी काँग्रेसने १९९२ चा पुनरुज्जीवनाचा कायदा केला नसता, असे मला वाटते. पाणी उतरल्यावर, आपल्या समाजाची उत्पत्ती जिथे झाली असे ते मानतात ते पवित्र स्थळही उघडे पडले. धरणांची वीज मुख्यतः कागद गिरणीला जात होती आणि ती एकूण २८ मेगावॅटच्या आसपासच होती. एवढ्या विजेसाठी एवढी नदी अडवून धरणे समर्थनीय नव्हते, हे मी ठामपणे म्हणतो. मासे मात्र हळूहळूच परतत आहेत. मासेमारीवर २०११ पासून बंदी होती आणि क्लॅलम लोकांना कोहो जातीचे सॅमन धरण्याची मर्यादित परवानगी २०२३ च्या शरदात मिळाली.

पाचपैकी साडेचार गुण देतो. अर्धा गुण रस्त्याचा. पिण्याचे पाणी आणि खाणे बरोबर न्यावे, बूट चांगले असावेत आणि निघण्यापूर्वी उद्यानाच्या संकेतस्थळावर रस्त्याची स्थिती पाहावी. चालणे शक्य नसलेल्या ज्येष्ठांना मॅडिसन फॉल्सची छोटी डांबरी वाट दाखवावी. ज्यांच्यापाशी आणखी वेळ असेल, त्यांनी नदीच्या मुखाशी जावे, कारण वरून सुटलेला बराचसा गाळ तिथे पोहोचून पूर्वीच्या गोट्यांच्या किनाऱ्यावर आता रुंद वाळू पसरली आहे.