लॉनवर अझॉक्सिस्ट्रोबिन (२३ टक्के एससी): जून ते नोव्हेंबर वापरून

नाशिकजवळ आमचं लग्नकार्याचं लॉन आहे, बहुतेक कोरियन गवत. आषाढी एकादशीनंतर लग्नं थांबतात आणि त्याच महिन्यांत बुरशी जोर धरते. तुळशीच्या लग्नानंतर पहिलं बुकिंग, तोवर हिरवळ सलग हवी. म्हणून यंदा जूनपासून अझॉक्सिस्ट्रोबिन हे बुरशीनाशक मारलं (एससी म्हणजे पाण्यात मिसळायचं द्रव औषध). माझं मत: औषध दमदार आहे, पण रोग न ओळखता मारलं तर पैसे पाण्यात.

खरा गुण आला तो रायझोक्टोनियावर, म्हणजे गवतात चट्टे पाडणाऱ्या बुरशीवर. हा चट्टा सकाळी खाली बसून बघावा. कडेचं गवत तांबूस-नारिंगी दिसतं, तिथलं पातं चिमटीत धरून ओढलं की अलगद हातात येतं आणि बुडाशी तपकिरी कूज दिसते. रोग बुडाशी असल्याने नुसता वरवर फवारा पुरत नाही. प्रमाण लिटरला १ मिली ठेवलं, पाणी मात्र बूड भिजेपर्यंत दिलं. चट्टे पसरायचे थांबले. मेलेलं गवत काही हिरवं होत नाही, कडेच्या धावत्या फुटव्यांनी जागा भरायला सप्टेंबर उजाडला. चट्टे दिसण्याआधीच जिथे फवारलं होतं, तो भाग सगळ्यात छान राहिला.

भटारखान्यामागे पाणी साचतं, तिथे पिथियम हा दुसरा रोग आला. गवत तेलकट-काळपट, पहाटे त्यावर कापसासारखी बुरशी. हा द्राक्षावरच्या डाउनीच्या (केवडा रोगाच्या) जवळचा, त्यामुळे दुकानदारानेही लगेच मेटॅलॅक्सिल-मॅन्कोझेब हे जोडऔषध काढून दिलं. त्याने आटोक्यात आला. कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक यावर चालत नाही, कोणी स्वस्तात देत असलं तरी घेऊ नका. चर खणून पाणी काढल्यावर तो पुन्हा दिसला नाही.

नाराजी एकच, डॉलर स्पॉट हा ठिपक्यांचा रोग. ऑक्टोबरअखेर दव पडू लागलं आणि नाण्याएवढे पांढुरके ठिपके उमटले. पात्यावर मध्ये फिकट, कडेला लालसर-तपकिरी डाग. अझॉक्सिस्ट्रोबिनचा यावर काडीचा उपयोग झाला नाही आणि तो होतही नाही. प्रोपिकोनॅझोल (ट्रायझोल गटातलं बुरशीनाशक) आणि हलका युरिया दिल्यावर ठिपके भरून आले. नत्र कमी पडलं की हा रोग बळावतो. उलट पावसाळ्यात युरिया ओतला की रायझोक्टोनियाला मेजवानी. ट्रायझोल जादा झालं तर गवताची वाढ थबकते, तेव्हा माप पाळा.

लागोपाठ हेच औषध मारू नका. बुरशीच्या एकाच ठिकाणी घाव घालणारं असल्याने ती लवकर दाद देईनाशी होते. द्राक्षवाल्यांना हे वेगळं सांगायला नको. मी मध्ये मॅन्कोझेब घेतलं. माझ्या बाटलीवर द्राक्ष, मिरची, टोमॅटो आहेत, लॉन नाही, म्हणून आधी एका कोपऱ्यात मारून पाहिलं. पाण्यातल्या जिवांना हे फार घातक आहे, कमळाच्या हौदापासून लांब ठेवा. फवारा वाळेपर्यंत मुलांना लॉनवर सोडू नका.

पाणी आता पहाटेच देतो. संध्याकाळी दिलं की पाती रातभर ओली राहतात.

पुढच्या जूनला हेच आणणार, पण यंदाच्या निम्मं. उरलेल्या पैशांतून पार्किंगकडच्या सखल भागालाही चर काढायचा आहे.