हंगर गेम्सचा सेट, आठ महिन्यांनी: हिशोब चोख, बाइंडिंग भंगार

दिवाळीच्या सेलमध्ये तीन पुस्तकांचा सेट घेतलता, ६९९ ला. पोरगी अकरावीला, तिला म्हणलं नीटची परीक्षा होईपर्यंत हात लावायचा नाही आन् सेट कपाटावर टाकला. मग आठ महिने मीच वाचत बसलो. तिला अजून कळलं नाही (का कळलंय आन् बोलत नाही, देव जाणे).

पिक्चर सगळ्यांनी बघितलेत त्यामुळं स्टोरी सांगत नाही, एवढंच की पॅनेम नावाच्या देशात दरवर्षी बारा डिस्ट्रिक्टमधून चिठ्ठ्या काढून पोरं निवडतात आन् मरेपर्यंत लढवतात. मी आडतीवर मुनीम, इंग्रजीशी संबंध बिलापुरता, तरी कुठं अडलं नाही, नायिका कॅटनिस स्वतःच सगळं सांगते, साधं सरळ. मला धरून ठेवलं ते टेसेरानं. गरीब घरच्या पोरानं चिठ्ठ्यांत आपलं नाव एकदा जास्त टाकायचं, बदल्यात एका माणसाला वर्षभर जेमतेम पुरेल एवढं धान्य आन् तेल. घरात जितकी माणसं तितक्यांदा घेता येतं, आन् चिठ्ठ्या दरवर्षी मागच्यात जमा होत जातात. मी लगेच पावतीच्या मागं मांडलं. कॅटनिस, आई, बहीण असे तीन, कायद्यानं लागणारी एक, वर्षाला चार, बाराव्यापासून सोळाव्या वर्षापर्यंत पाच वर्षं, झाल्या २०. पुस्तकात २० च. तिचा मित्र गेल, त्याच्या घरी पाच माणसं, वर्षाला सहा, सात वर्षं, ४२. ते पण बरोबर! लेखिकेनं चिठ्ठ्यांचा हिशोब चुकवला नाही म्हणल्यावर पुढचं सगळं मी डोळे झाकून मानलं. आन् नाव निघतं ते एकच चिठ्ठी असलेल्या बारा वर्षाच्या बहिणीचं. तिथं पुस्तक पालथं घातलं, खाली जाऊन चहा पिऊन आलो.

१, २ आन् ४ नंबरच्या डिस्ट्रिक्टची पोरं लहानपणापासून ट्रेनिंग घेऊन येतात, हे ट्युशन एरियात खोली भाड्यानं देणाऱ्याला समजावून सांगायची गरज नाही.

दुसरं पुस्तक तर लातूरकरांनी वाचावंच. खेळाचं मैदान असं, चारी बाजूंनी दमट जंगल, मधी खारं पाणी, प्यायला थेंब नाही. वरून पॅराशूटनं एक धातूची तोटी येते, काय आहे कुणालाच कळत नाही, शेवटी झाडाला भोक पाडून ती बसवतात आन् पाणी ठिबकायला लागतं. एप्रिल २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलतं ते दिवस आठवले, बायको टँकरच्या आवाजावर झोपेतून उठायची. ते पान तीनदा वाचलं.

आता मेन मुद्दा. बाइंडिंग. मे महिन्यात वरची पत्र्याची खोली, बेचाळीस डिग्री, आन् तिसऱ्या पुस्तकाचा गोंद सुटला तो असा की मधली तीस-चाळीस पानं पत्त्यासारखी हातात. विकणाऱ्याला मेसेज केला तर म्हणे रिटर्नची मुदत सात दिवस. म्हणलं सात दिवसात कोण वाचतं, उत्तर आलं फोटो पाठवा, फोटो पाठवला तर विचारतोय प्रॉडक्ट वापरलंय का. अरे बाबा पुस्तक आहे, वाचलंय! चार दिवस हे चाललं, शेवटी पन्नास रुपयाचं कूपन, ते पण पाचशेच्या वरच्या खरेदीवर. ठेव म्हणलं तुलाच.

पानं गोळा करून लावली आन् वाचलं. डोक्यावरून गेलं. कोण कधी जखमी होतंय, कोण कुठं पळतंय, काही पत्ता नाही. पण त्यात कॅटनिसच्या बरोबर खेळात गेलेल्या पीटाला गांधीलमाशीसारख्या माशांचं विष टोचून त्याच्या आठवणीच बदलून टाकलेल्या असतात, तो ह्यातलं खरं काय खोटं काय विचारत बसतो, त्यामुळं मला वाटलं लिहायची पद्धतच तशी असंल. गड्यांनो, दोन स्टार देऊन टाकलेते.

मग आमच्या खतावण्या बांधतो त्या माणसाकडं गंजगोलाईत नेलं. त्यानं पानं चाळली आन् म्हणला, मुनीमजी, एवढे आकडे लिहिता, पानाचे नंबर बघितले नाहीत का? एक गठ्ठा मागं-पुढं लागलता. ८० रुपये घेतले, दोऱ्यानं शिवून दिलं, लाल कापडाचा पुठ्ठा, आता माझ्या नातवापर्यंत हलत नाही. परत वाचलं, तर तिसरंच सगळ्यात भारी निघालं. पहिल्या पुस्तकात देशाचं नाव पॅनेम का ठेवलं ते इथं कळतं. लॅटिनमधी त्याचा अर्थ भाकरी, रोमवाले लोकांला भाकरी आन् खेळ देऊन गप ठेवायचे. स्टार वाढवून साडेचार केलेत, अर्धा गोंदाचा कापला. ह्याच मालिकेतली २०२० आन् २०२५ ची दोन पुस्तकं कार्टात पडून आहेत, भाव उतरल्याशिवाय घेत नाही.

फक्त एक झालं, लाल पुठ्ठ्यामुळं तिसरं आता सेटच्या खोक्यात बसत नाही, म्हणून दुकानात वह्यांच्या थप्पीत ठेवलंय. परवा शेठनी खतावणी म्हणून तेच उघडलं, दोन पानं बघितली आन् मला हाक मारली, यात नावे कुठंय आन् जमा कुठंय?