काट्यापासून सुरू होणारा इतिहास: वेल्सच्या कामगार चळवळीचा सहा रविवारांचा वर्ग

सोलापूरच्या पूर्व भागात, यंत्रमागांच्या खडखडाटापासून दोन गल्ल्या आत, सहा रविवार सकाळी दहा ते साडेबारा हा वर्ग चालतो. विषय आहे वेल्समधली कामगार चळवळ आणि तिने घडवलेलं राजकारण. १९२२ पासून २०२४ पर्यंतच्या प्रत्येक सार्वत्रिक निवडणुकीत वेल्समधून सर्वांत जास्त खासदार लेबर पक्षाचे निवडून आले. हे इतकी वर्षं कसं टिकलं, याचं उत्तर पुढाऱ्यांच्या चरित्रांत मिळत नाही, ते खाणीच्या तोंडाशी असलेल्या वजनकाट्यावर मिळतं. वर्गाने हे ओळखलं आहे. म्हणून, बऱ्याच चुका असूनही, तो करावा असंच आम्ही सांगू.

पहिला रविवार उठावांचा. १८३१ मध्ये मर्थर टिडविलला लोखंड कामगार उठले ते मजुरीकपात आणि कर्जवसुलीचं न्यायालय, या दोन्हींवर चिडून. हे न्यायालय उधारीपोटी घरातलं सामान उचलून नेत असे. त्या प्रकरणात डिक पेंडेरिन या कामगाराला कार्डिफमध्ये फाशी झाली. इथे शिक्षक सोलापूरच्या चार हुतात्म्यांची आठवण काढतात आणि सभागृह स्तब्ध होतं. तुलना मनाला भिडते, पण तिला एक वाक्य जोडायला हवं: १२ जानेवारी १९३१ च्या फाशीमागे परकीय सत्तेविरुद्धचा लढा होता, मर्थरमागे पगार आणि उधारी. १८३९ चा न्यूपोर्टचा चार्टिस्ट मोर्चा मात्र नीट शिकवला जातो. मागणी मताधिकाराची होती, आणि सैन्याच्या गोळीबारात वीसहून जास्त माणसं गेली.

दुसरा रविवार चुकवू नका. टेबलावर तराजू, चाळणी आणि पाच किलो कोळसा. खाणकामगाराला मजुरी टनावर, पण बऱ्याच खाणींत फक्त मोठ्या ढेकळांची. चाळणीतून खाली पडलेला बारीक कोळसा मालक विकायचा, कामगाराच्या हिशेबात मात्र तो शून्य. चाळून पुन्हा वजन केलं की काटा किती खाली येतो ते सगळ्यांसमोर दिसतं. वर्गातल्या विडी कामगार बायांना पुढचं समजवावं लागत नाही. हजार विड्या मोजून दिल्यावर त्यातल्या किती नापास म्हणून बाजूला काढल्या जातात, हा त्यांचा रोजचा हिशेब. उसाची काटामारी ऐकत वाढलेल्या पोरांनाही ते लगेच उमगतं. एक दुरुस्ती करा: कोळसा लाकडी वापरला होता. तो हाताळतानाच भुगा होतो आणि घट अवाच्या सवा दिसते. दगडी कोळसाच हवा.

याला जोडून आलेली माहिती सगळ्या वर्गात मोलाची आहे. १८६० च्या कायद्याने कामगारांना स्वतःच्या पैशातून स्वतःचा वजन तपासनीस नेमण्याची मुभा मिळाली. तो कामगारांनी निवडलेला, पगार कामगारांच्या वर्गणीतून. त्याला आकडेमोड लागायची, मालकाच्या माणसासमोर उभं राहण्याची धमक लागायची, आणि रोज प्रत्येक कामगाराशी त्याचा संबंध यायचा. आर्थर हॉर्नर आणि नोआ अ‍ॅब्लेट हे दोघेही पुढारी माएर्दी खाणीच्या काट्यावरूनच पुढे आले. निवडणूक, वर्गणी, हिशेब हे सगळं लोक संसदेआधी खाणीवर शिकले.

तिसऱ्या रविवारी ‘सरकता दर’ येतो. दक्षिण वेल्समध्ये १८७५ पासून मजुरी कोळशाच्या भावाला बांधलेली होती. भाव पडला की मजुरी आपोआप खाली. त्यामुळे मालकांना एकमेकांशी भाव पाडून स्पर्धा करणं सोपं गेलं, कारण तोट्याचा मोठा वाटा मजुराच्या खिशातून जायचा. खासदार विल्यम अब्राहम, म्हणजे सगळ्यांचे ‘मॅबन’, यांच्यामुळे महिन्याच्या पहिल्या सोमवारी सुट्टी मिळू लागली, ती काही निव्वळ विश्रांतीसाठी नव्हती. उत्पादन आवरून भाव सावरायचा होता. १८९८ च्या टाळेबंदीत कामगार हरले, ही सुट्टीही गेली, आणि त्याच वर्षी दक्षिण वेल्सचं खाणकामगार फेडरेशन उभं राहिलं.

इथून पुढे वर्गात दिलेलं टिपण घसरतं. कामगार नेते केअर हार्डी १९०० मध्ये मर्थरमधून निवडून आले, एवढंच लिहिलं आहे. त्या मतदारसंघात दोन जागा होत्या आणि दुसरी जागा डी. ए. थॉमस यांची, म्हणजे लिबरल पक्षाच्या कोळसा मालकाची. दहा वर्षांनी टोनीपँडीला ज्या केंब्रियन कंपनीशी कामगारांची झुंज झाली, तिचे प्रमुख हेच थॉमस. हा धागा हातातून सुटला, की लिबरलांपासून कामगार का आणि किती हळूहळू तुटले ते कळतच नाही.

१९१० चा तंटा फळ्यावर छान मांडला आहे. याच केंब्रियन गटातल्या ईली खाणीत कोळशाचा नवा थर उघडला, सत्तर जणांकडून चाचणी घेतली. मालक टनाला १ शिलिंग ९ पेन्स देऊ लागले, कामगारांनी २ शिलिंग ६ पेन्स मागितले. थरात दगड जास्त, म्हणून टन भरायला वेळ जास्त. मालक म्हणाले, मुद्दाम हळू काम करता, आणि सगळ्या खाणीला टाळं ठोकलं. शिलिंगात बारा पेन्स, हे मात्र आधी सांगा. अर्धा वर्ग शेवटपर्यंत दशांशात हिशेब करत होता.

उत्तर वेल्सच्या पाटीच्या दगडाच्या खाणींना दहाच मिनिटं मिळतात, हे फारच कमी आहे. पेन्रिनची टाळेबंदी १९०० ते १९०३ चालली. ‘या घरात गद्दार नाही’ अशा वेल्श भाषेतल्या पाट्या बेथेस्डाच्या खिडक्यांत लागल्या होत्या. घरी तेलुगू आणि सभेत मराठी बोलणाऱ्या श्रोत्यांसमोर भाषेचा हा मुद्दा उलगडायलाच हवा होता.

पाचवा रविवार खाणकामगार ते आरोग्यमंत्री झालेल्या अन्यूरिन बेव्हन यांचा, आणि तो समाधानकारक आहे. त्यांच्या गावी, ट्रेडीगरमध्ये, कामगारांच्या मजुरीतून ठरावीक वाटा कापून डॉक्टर आणि औषधांची सोय चालायची. ५ जुलै १९४८ ला सुरू झालेल्या राष्ट्रीय आरोग्य सेवेमागचा हा अनुभव पावतीच्या नमुन्यासह समजावला जातो.

टिपणांतले उच्चार सुधारा. वेल्शमध्ये जोड ‘डी’चा उच्चार ‘ड’ होत नाही, तो ‘द’च्या जवळ जातो, खाणींच्या खोऱ्याचं नाव ‘रोंड्डा’ नव्हे, ‘रॉन्दा’ हवं. कामगार संघटनेच्या शाखेला ‘लॉज’ न म्हणता शाखाच म्हणा, सोलापुरात लॉज म्हणजे मुक्कामाची खोली.

सहाव्या रविवारी १९२६ चा संप, १९४७ चं राष्ट्रीयीकरण, १९८४-८५ चा संप आणि वेल्सला स्वतःची विधानसभा असावी का यावरचं १९९७ चं सार्वमत, असं सगळं अडीच तासांत कोंबलं आहे. सार्वमतातला फरक अवघ्या ६,७२१ मतांचा होता, त्यावर चर्चा सुरू होताच वेळ संपली. टॉवर खाणीचं तर नावही आलं नाही. बंद पाडलेली ही खाण कामगारांनी प्रत्येकी ८,००० पौंड घालून विकत घेतली आणि १९९५ पासून २००८ पर्यंत चालवली. वर्गातले निम्मे लोक कुठल्या ना कुठल्या सहकारी संस्थेचे सभासद आहेत. त्यांच्यासाठी सातवा रविवार वाढवा, आणि त्या दिवशी टॉवरचा भागभांडवलाचा हिशेब फळ्यावर घ्या.