क्लोज-अप जादू शिकायची: फुकटचा व्हिडिओ, विकतचा कोर्स, पुस्तक की माणूस?

जादू म्हटलं की आपल्याकडे अजून रंगमंचच डोळ्यांपुढे येतो. जादूगार रघुवीरांचं नाव निघतं, पेट्या आणि पडदे आठवतात. क्लोज-अपचा मामला वेगळा आहे. समोरचा माणूस हातभर अंतरावर, हातात पत्त्यांचा एक कॅट नाहीतर तीन-चार नाणी, आणि लपवायला जागा म्हणजे स्वतःचा तळहात. बेळगाव, खानापूर, निपाणीकडे याचा क्लास काही गल्लीच्या तोंडाशी मिळत नाही, त्यामुळे सुरुवात मोबाईलवरूनच होते. मग प्रश्न उरतो तो असा की यूट्यूबवर फुकट शिकावं, डॉलर मोजून कोर्स घ्यावा, की पुस्तक उघडावं.

आमचं मत आधीच सांगतो. पहिले दोन महिने एका चांगल्या कॅटपलीकडे एक पैसा खर्च करू नका. तेवढे टिकलात तर नवशिक्यांसाठीचा एकच क्रमवार कोर्स घ्या. सुट्या जादू विकत घेत सुटू नका. पुस्तक जरूर घ्या, पण हात थोडे वळल्यावर.

फुकटचे व्हिडिओ

यांत दोन जाती आहेत. एक गुपित फोडणारे: चाळीस सेकंदांत चमत्कार, पुढच्या वीस सेकंदांत 'हे बघा असं केलं'. त्यातून गुपित कळतं, हात वळत नाही. दुसरे शिकवणारे: दहा-वीस मिनिटांचे, आधी अख्खा प्रयोग एकाच शॉटमध्ये, मग पकड, मग चाल, मग कुठे चुकतं ते. बरा शिक्षक चालीचं नाव सांगतो आणि ती कोणाची हेही सांगतो. हे नाव फार कामाचं. ते कळलं की तीच चाल आणखी चौघांकडून बघता येते आणि आपल्या हाताला कोणाची पद्धत बसते ते ठरवता येतं. ही सोय ना पुस्तकात आहे, ना एका विकतच्या कोर्समध्ये.

तोटा क्रमाचा. आज पत्ता, उद्या रबरबँड, परवा नाणं असं होत जातं आणि महिन्याअखेर दहा जादू अर्धवट आणि एकही पूर्ण नाही. म्हणून सुरुवातीला तीनच विषय धरा: पत्त्यांत की-कार्ड (आधी चोरून पाहिलेला पत्ता, ज्याच्या शेजारून निवडलेला पत्ता ओळखायचा), नाण्यात फ्रेंच ड्रॉप (नाणं दुसऱ्या हातात घेतल्याचं नुसतं भासवणं), आणि ओव्हरहँड म्हणजे हातातल्या हातात केलेल्या नेहमीच्या पिसणीने पत्ता वर आणणं. बाकी चॅनेल काय सुचवतंय तिकडे बघू नका.

आता बघायची रीत. शिक्षक कॅमेऱ्याकडे तोंड करून बसलेला असेल तर त्याच्या डाव्या हातातला कॅट पडद्यावर उजवीकडे दिसतो. पडदा बघत जसंच्या तसं करणारा, उजव्या हाताने काम करणारा माणूस नकळत कॅट उजव्या हातात धरायला शिकतो, आणि ते दोन आठवड्यांनी मोडायला दुप्पट त्रास होतो. म्हणून खांद्यावरून चित्रित केलेला व्हिडिओ निवडा, म्हणजे त्याचे हात तुमच्या हातांसारखेच दिसतात. डावखुऱ्यांना मात्र समोरून घेतलेला व्हिडिओ आयता आरसा ठरतो. त्यांची अडचण वेगळी: नेहमीच्या कॅटवर आकडे दोनच कोपऱ्यांत असतात, आणि उजव्या हातात धरून पंखा उघडला की ते झाकले जातात. चारही कोपऱ्यांवर आकडे असलेला कॅट घ्यावा.

वेग ०.२५ पर्यंत कमी करता येतो, पण त्यावर फार भिस्त ठेवू नका. सेकंदाला ३० फ्रेमच्या व्हिडिओत सेकंदाच्या दहाव्या भागात उरकलेली चाल तीनच फ्रेममध्ये येते, तीही पुसट. संगणकावर व्हिडिओ थांबवून पूर्णविरामाची कळ दाबली तर एकेक फ्रेम पुढे जाते, स्वल्पविरामाने मागे. बोटं नेमकी कुठे आहेत ते असं बघावं. आणि एकदा अख्खा प्रयोग आवाज बंद करून बघा, एकदा डोळे मिटून नुसता ऐका. चाल बोलण्यातल्या कोणत्या शब्दावर होते ते दुसऱ्या वेळी कळतं.

विकतचे

व्हॅनिशिंग इंक, पेंग्विन मॅजिक अशा परदेशी दुकानांत एकेका जादूचं डाउनलोड साधारण १० ते ३० डॉलरांत मिळतं, मोठे कोर्स जास्तीला. पैसे भरताना बहुतेक ठिकाणी कार्ड लागतं, आणि त्यावर आंतरराष्ट्रीय व्यवहार बँकेच्या अ‍ॅपमधून आधी चालू करावा लागतो. काम झालं की तो परत बंद करा. नेट रडतखडत चालत असेल तर नुसतं स्ट्रीमिंग देणारं घेऊ नका, फाइल उतरवून घेता येते का ते आधी बघा. टेलिग्रामवर फिरणाऱ्या चोरीच्या फाइलींबद्दल एवढंच, की ज्याच्याकडून शिकायचं त्याचंच पोट कापून काय शिकणार?

पैशाच्या बदल्यात मिळतं काय? क्रम, दोन-तीन कोनांतून चित्रीकरण, आणि खऱ्या प्रेक्षकांपुढे केलेला न कापलेला प्रयोग. शेवटची गोष्ट सगळ्यात मोलाची, कारण चाल करताना शिक्षक कुठे बघतो ते तिथे दिसतं. स्टुडिओत तो कॅमेऱ्याकडेच बघत असतो.

फसगत होते ती सुट्या जादूंच्या जाहिरातीत. ट्रेलर बघताना शॉट किती वेळा तुटतो ते मोजा. नेमक्या क्षणी कॅमेरा प्रेक्षकाच्या चेहऱ्यावर जात असेल तर त्या क्षणी हातात काहीतरी बघण्यासारखं घडतंय असं समजा. तीन प्रश्नांची उत्तरं वर्णनात शोधा: शेवटी वस्तू तपासायला देता येते का, बाजूने आणि मागून माणसं असली तर चालते का, आणि पुन्हा करायला रीसेट किती वेळात होतो. उत्तरं मिळत नसतील तर सोडून द्या.

पुस्तक

एस. डब्ल्यू. एर्डनेस या लेखकाचं १९०२ सालचं 'द एक्स्पर्ट अ‍ॅट द कार्ड टेबल' हे पत्त्यांवरचं पुस्तक आता कायदेशीररीत्या फुकट मिळतं, शंभरावर रेखाचित्रांसह. पण भाषा जुनी आणि मजकूर दाट. पहिलं पुस्तक म्हणून ते घेऊ नये. नाण्यांसाठी जे. बी. बोबो या लेखकाचं १९५२ सालचं 'मॉडर्न कॉइन मॅजिक' हे पुस्तक नवशिक्यालाही झेपतं.

व्हिडिओवर शिकलेला माणूस शिक्षकाची नक्कल करतो. त्याचा खांद्याचा झटका, त्याचं 'ओके', सगळं अंगात येतं. पुस्तकात नक्कल करायला कोणी नसतं, त्यामुळे लकब स्वतःची घडते. किंमत वेळेत मोजावी लागते, अर्ध्या पानाला तास जातो. दोन्ही हात पत्त्यांत अडकलेले आणि पान उलटायला तिसरा नाही, ही अडचण एका सोप्या युक्तीने सुटते: उतारा आपल्या मराठीत, सावकाश, फोनमध्ये रेकॉर्ड करा आणि हातात कॅट घेऊन ऐका. भाषांतर करतानाच निम्मी चाल समजते.

काही गोष्टी पुस्तकातून येतच नाहीत. एल्म्सली काउंट घ्या. चार पत्ते चार म्हणून मोजायचे आणि वरून तिसरा दिसू द्यायचा नाही. दुसऱ्या मोजणीला दोन पत्ते एकदम डाव्या हातात जातात आणि आधी मोजलेला पहिला उजवीकडच्या गठ्ठ्याखाली परत येतो. वाचून हे कळतं, पण चारही मोजण्यांचा ताल एकसारखा हवा आणि ताल कान आणि डोळ्यांनीच येतो. इथे व्हिडिओच हवा.

एकच चाल, तिन्ही ठिकाणी: डबल लिफ्ट

वरचे दोन पत्ते एक म्हणून उलटून दाखवायचे. फुकटच्या व्हिडिओत बहुधा उलटण्याचाच भाग दाखवतात, पण खरी मेहनत त्याच्या आधी आहे. कॅट डाव्या हातात. अंगठ्याने वरचे तीन-चार पत्ते किंचित उजवीकडे सरकवायचे आणि परत सारखे करताना करंगळीच्या टोकाचं मांस दुसऱ्या पत्त्याखाली अडकवायचं. ही फट मागच्या उजव्या कोपऱ्यात एक-दीड मिलिमीटरच. पुढची कड पूर्ण मिटलेली. उजव्या हाताचा अंगठा मागच्या कडेला, मधलं बोट पुढच्या कडेला, दोन्ही पत्त्यांना हलका बाक, मग उलटणं.

चुका ठरलेल्या आहेत. करंगळीचं अख्खं पेर आत गेलं की उजवीकडे बसलेल्याला भगदाड दिसतं. बाक दिला नाही तर पत्ते आडवे सरकून दोन कडा दिसतात. तिसरी चूक सगळ्यात मोठी: फट घेताना स्वतःच कॅटकडे टक लावून बघणं. फट आधीच, बोलता बोलता घेऊन ठेवायची असते. आणि खरा एकच पत्ता उलटतानाही तीच पकड, तोच वेग हवा. एरवी बेफिकीर आणि त्या वेळी मात्र जपून, असा फरक पडला की न कळणाऱ्यालाही संशय येतो.

करंगळीची जागा पुस्तक सगळ्यात नेमकी सांगतं. वेग आणि बेफिकिरी व्हिडिओत दिसते. नजर कुठे ठेवायची ते चांगला कोर्स शिकवतो. उजवीकडून फट दिसते का, हे मात्र तिघांपैकी कोणीच सांगत नाही. त्यासाठी फोनचा मागचा कॅमेरा बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर उजव्या बाजूला ठेवून रेकॉर्ड करा. आरशावर विसंबू नका: चालीच्या क्षणी आपल्याच पापण्या मिटतात आणि चूक दिसत नाही. सेल्फी कॅमेऱ्यात पडद्यावर डावं-उजवं उलटं दिसतं, तेही टाळलेलं बरं.

माणूस

जवळपास कोणी जाणकार असेल तर महिन्यातून एक तास त्याच्यापुढे बसा. मुलांच्या वाढदिवसांना कार्यक्रम करणाऱ्यांचा कल मोठ्या साहित्याकडे असतो, पण कोन आणि नजर त्यांना कळते. कोणी नसेल तर घरातला दहा-बारा वर्षांचा पोरगा उत्तम परीक्षक. त्याचे डोळे तुमच्या हातांच्या खालच्या पातळीवर असतात आणि तोंडदेखलं कौतुक त्याला येत नाही.

व्हिडिओतलं सामान आणि आपलं सामान

इथे गाडी हमखास अडते. व्हिडिओत बहुधा बायसिकल या ब्रँडसारखा पोकर मापाचा कॅट असतो, ६३.५ × ८८.९ मिलिमीटर, पृष्ठभागावर बारीक खळगे असलेला. त्या खळग्यांत हवा राहते म्हणून पत्ते एकमेकांवरून घसरतात. स्टेशनरीच्या दुकानातला रमीचा कॅट बरेचदा गुळगुळीत आणि रुंदीला ५७ मिलिमीटरच्या आसपास. रुंदी कमी असल्याने लहान हाताला तो उलट सोपा, पण गुळगुळीत असल्याने पत्ते चिकटतात, आणि दोन सरकवायला जावं तर तीन येतात. अख्ख्या प्लास्टिकचा कॅट पाण्याला टिकतो, पण स्प्रिंगसारखा उसळतो आणि फट धरू देत नाही. तो रमीलाच ठेवा.

जून ते सप्टेंबर आपल्याकडची, विशेषतः खानापूर पट्ट्यातली हवा कागदी पत्त्यांना सोसत नाही. ते फुगतात, बाक धरतात, पंखा तुकड्यातुकड्याने उघडतो. एकावेळी एकच कॅट फोडा, तो बुटांच्या खोक्यात मिळणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, आणि हात धुऊन पूर्ण कोरडे करूनच घ्या. चाल बिघडली तर आधी पत्ते तपासा, मग हात.

नाण्यांचंही तसंच. परदेशी व्हिडिओत अमेरिकन अर्धा डॉलर असतो: ३०.६१ मिलिमीटर, ११.३४ ग्रॅम. आपलं दहाचं नाणं २७ मिलिमीटरचं आणि पावणेआठ ग्रॅमच्या आसपास. अंगठ्याखालचा उंचवटा आणि समोरची बाजू यांत नाणं दाबून धरायची क्लासिक पाम मोठ्या तळव्याला यावर जमत नाही, नाणं पडतं. दोष सरावाचा नसतो, मापाचा असतो. अशांनी मधल्या आणि अनामिकेच्या मुळाशी नाणं धरायची फिंगर पाम घ्यावी. घरात ब्रिटिश काळातला चांदीचा रुपया असेल तर तो अर्ध्या डॉलरच्या जवळजवळ तंतोतंत मापाचा आहे, ३०.७८ मिलिमीटर आणि ११.६६ ग्रॅम. सरावाला झकास, फक्त आजीला विचारून घ्या. एक-दोन रुपयांची स्टीलची नाणी हलकी आणि निसरडी, ती टाळा. काही दुकानदार कुरकुरत घेतात ते दहाचंच नाणं इथे कामाला येतं.

मग कोणी काय घ्यावं

शाळेतल्या मुलाला फुकटचे व्हिडिओ, खरा कॅट आणि वरचे तीन विषय पुरे आहेत. संध्याकाळी अर्धा तास मिळणाऱ्या नोकरदाराने कोर्स लवकर घ्यावा, कारण त्याच्याकडे शोधाशोधीला वेळ नाही. ज्याला नुसतं कोडं सोडवायची हौस आहे त्याने पुस्तकातच राहावं. गणपतीत मंडळापुढे करून दाखवायचं असेल आणि हातात दोनच महिने असतील, तर डबल लिफ्टच्या नादी लागू नका. मंडपात माणसं तीन बाजूंनी उभी राहतात आणि पोरं पुढे खाली बसतात. तिथे कुठल्याही कोनातून पकडली न जाणारी की-कार्डची जादू आणि रबरबँड तारून नेतात.

बोलणं मात्र कुठल्याच व्हिडिओतून उचलू नका. चाल नेहमी प्रश्नाच्या शेवटच्या शब्दावर करा, कारण प्रश्न विचारला की समोरचा हातांवरची नजर काढून तोंडाकडे बघतो. इंग्रजी वाक्याचा मराठी तर्जुमा केला की तो क्षण पुढे-मागे सरकतो आणि चाल उघडी पडते. वाक्य नव्याने, छोटं बांधा. समोर निम्मे कन्नड बोलणारे असतील तर लांब गोष्ट सांगत बसू नका, 'यावुदु?' (कोणता?) आणि 'हौदा?' (हो का?) एवढ्या दोन प्रश्नांवर की-कार्डची अख्खी जादू निभते. तळाचा पत्ता चोरून बघायचा तो 'यावुदु?' म्हणताना, आणि 'हौदा?' म्हटल्यावर निवडलेला पत्ता लगेच न उलटता दोन श्वास थांबा.