पांदणीसाठी घेतलेली जिप्सी: दुरुस्तीचे नऊ महिने, वापराचे चौदा महिने

मोटारसायकल सोडली तर माझ्या नावावर आलेली ही पहिलीच गाडी. मारुती जिप्सी किंग, २००४ची, एमपीएफआय (इंजेक्शनचं पेट्रोल इंजिन), सॉफ्ट टॉप (कापडी छत), पांढरी. फेब्रुवारी २०२४ मध्ये नागपूरहून २ लाख ६० हजारांना आणली आणि चिमूर तालुक्यातल्या आमच्या गावात अंगणात उभी केली. शेजारच्या काकांनी तिच्याभोवती एक चक्कर मारली, टायरला लाथ मारून पाहिली आणि म्हणाले, "एवढ्यात त बैलजोडी, बंडी अन् वरून एक म्हैस आली असती." त्यानंतर तिच्यावर आणखी २ लाख ३५ हजार गेले. हा आकडा काकांना अजून सांगितलेला नाही.

घेतली कशासाठी, ते आधी सांगतो. आमचं वावर, म्हणजे शेत, गावापासून अडीच किलोमीटरवर, आणि त्यातली पावणेदोन किलोमीटर पांदण, म्हणजे शेतांमधली कच्ची वाट. काळी माती ज्यांनी फक्त उन्हाळ्यात पाहिली आहे त्यांना यात काय अडचण ते कळणार नाही. जुलैत ही माती पाणी पिऊन फुगते आणि मोटारसायकलच्या मडगार्डमध्ये अशी बसते की चाक फिरायचं थांबतं. मग उतरायचं, काडीनं गारा (चिखल) काढायचा, पन्नास पावलं जायचं, पुन्हा उतरायचं. फवारणीच्या दिवसांत पाठीवर पंप आणि हातात औषधाचा डबा घेऊन दोन हंगाम पायी काढले. नवीन थार परवडणारी नव्हती. महिंद्राची जुनी डिझेल एमएम ५४० उमरेडला पाहिली होती, आवडलीही होती, पण ती जड. चिखलात जडपणाचा उपयोग कमी, ताप जास्त. जिप्सी सॉफ्ट टॉप एका टनाच्या आतबाहेर, खाली २१० मिलिमीटर मोकळी जागा, आणि हळू पण ताकदीनं निघायला लो गिअर.

आणखी एक कारण होतं, खरं तर तेच मोठं. ताडोबाचं कोलारा गेट आमच्याच तालुक्यात. जिप्सी डिसेंबर १९८५ मध्ये बाजारात आली आणि २०१९ मध्ये सामान्य ग्राहकांना मिळायची बंद झाली, पण इथं सफारीमुळे ती रोज धावते. क्लच प्लेट असो की क्रॉस (शाफ्टचा सांधा), तालुक्याच्या गावी नाही मिळाला तर चंद्रपूरला मिळतो, आणि तो डोळे मिटून बसवणारे हातही इथेच आहेत. पुण्या-मुंबईचे लोक ज्या गाडीचं सामान शोधत फिरतात, तिचं सामान आमच्याकडे खताच्या दुकानासारखं विचारायला जाता येतं.

आता चुका. पहिली चूक म्हणजे मी गाडी पाहिली ती वरून. रंग चकाचक, सीटचं कव्हर नवीन, टायर जाडजूड. बॉनेट उघडून इंजिन चालू करून ऐकलं, तेवढ्यावर खूष झालो. इंजिन खरोखर चांगलं निघालं. १२९८ सीसी, १६ व्हॉल्व्ह, कंपनीनं ८० हॉर्सपॉवर सांगितलेली, आणि चारही सिलिंडरचं कम्प्रेशन जवळपास सारखं. पण मी खाली वाकलोच नाही. घरी आल्यावर आठवड्याभरात भाच्यानं जुन्या स्पीकरचं लोहचुंबक आणून गाडीला सगळीकडे लावून पाहिलं. ड्रायव्हरच्या दारामागे ते चिकटेना. मागच्या चाकाच्या वरही चिकटेना. तिथं पत्रा नव्हताच, लांबी (पुट्टी) भरून वर रंग मारलेला होता. रबरी मॅट उचलली, स्क्रू ड्रायव्हर टेकवला, आणि तो खालच्या अंगणात पडला.

मला वाटलं, फसलो. दोन दिवस जेवण गोड लागलं नाही.

चेसी, म्हणजे गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा, मात्र वाचलेली होती. मागच्या शॅकलजवळ (स्प्रिंगचा पाटा टांगणारी पट्टी) एका जागी गंज होता, तेवढं कापून वेल्डिंग करावं लागलं. त्यामुळे जुनी जिप्सी घेणाऱ्याला माझं सांगणं एवढंच, की पत्रा सडलेला असेल तर भाव पाडा आणि घ्या, चेसी सडलेली असेल तर चहा प्या आणि परत या. खाली काळं डांबरासारखं कोटिंग ताजं ताजं मारलेलं दिसलं तर ते कशासाठी मारलंय हे खरवडून बघा. विकणारा नाही म्हणाला तर उत्तर मिळालंच.

दुसरी चूक पैशाच्या क्रमाची. गाडी साठच्या वेगाला खड्ड्यातून गेली की स्टिअरिंग असं थरथरायचं की हातातली घड्याळ सैल व्हावी. ब्रेक मारून गाडी जवळजवळ थांबवली की मग शांत. मी आधी व्हील बॅलन्सिंग केलं. मग अलाइनमेंट. मग समोरचे दोन टायर बदलले. १४ हजार गेले, थरथर तशीच. शेवटी चिमूरच्या मिस्त्रीकडे नेली. हा माणूस वर्षानुवर्षं सफारीच्या गाड्याच करतो. त्यानं समोरचं चाक जॅकवर घेतलं, वर आणि खाली हात धरून एकदा हलवलं आणि म्हणाला, "किंगपिनचे बेअरिंग गेले भाऊ. टायर कायले बदलवले?"

हा भाग थोडा सविस्तर सांगतो, कारण माझ्यासारखा नवखा माणूस इथंच पैसे घालवतो. जिप्सीचा समोरचा अ‍ॅक्सल एकसंध आहे, त्याच्या दोन्ही टोकांना गोल डोक्याची नकल (चाक वळवणारा सांधा, इंग्रजीत knuckle). ही नकल वर एक आणि खाली एक अशा किंगपिनच्या बेअरिंगवर फिरते, म्हणजे दोन्ही बाजू मिळून चार. आत ग्रीस असतं, ते बाहेर येऊ नये आणि चिखल आत जाऊ नये म्हणून मागून सील. सील फाटलं की पांदणीचा गारा आत, मग बेअरिंग खड्डे पडून ढिली होतात आणि चाक डोलायला लागतं. चारही बेअरिंग, दोन्ही सील, ग्रीस आणि मजुरी असं सगळं मिळून माझ्या दोन टायरांच्या निम्म्यात झालं. बसवताना शिम (पातळ पत्र्याच्या चकत्या) किती घालायच्या हे मिस्त्री स्प्रिंगच्या काट्यानं ठरवतो. काट्याचा हूक नकलेला अडकवून ओढायचं, किलो-दीड किलोच्या आसपास ताण आल्यावर ती हलायला हवी. मी उत्साहात घरचा कापूस मोजायचा काटा घेऊन गेलो होतो. मिस्त्रीनं तो पाहिला आणि हसत बाजूला ठेवला. त्या काट्याला एक किलो दिसतच नाही.

तिसरी गोष्ट चूक म्हणता येणार नाही, वेळ चुकली म्हणू. गाडी पूर्ण उघडायला मी मे महिन्याच्या शेवटी गॅरेजला दिली. ताडोबाचा कोअर भाग १ जुलै ते ३० सप्टेंबर बंद असतो, आणि सफारीच्या झाडून सगळ्या जिप्स्या याच तीन महिन्यांत कामाला येतात. त्यांना १ ऑक्टोबरला गेटवर उभं राहायचं असतं, त्यावर त्यांचं पोट आहे. माझी गाडी हौसेची. पोळा आला, गेला, गणपती गेले, आणि ती चार विटांवर बिनचाकाची उभी, तिच्या सांगाड्यावर कोणाचा तरी गमछा वाळत घातलेला. मिस्त्रीला दोष नाही, त्यानं मला मेमध्येच सांगितलं होतं. पण तुम्ही ताडोबा किंवा पेंचच्या आसपास राहत असाल तर काम ऑक्टोबर ते मे या काळात उरका.

त्या महिन्यांत झालेली कामं अशी: खालचा सगळा सडका पत्रा कापून १८ गेजचा नवा बसवला, बॉडी आणि चेसीमधले रबर बदलले, मागचे व्हील सिलिंडर आणि अ‍ॅक्सलचे ऑइल सील नवे, टायमिंग बेल्ट, वॉटर पंप, रेडिएटर. पेट्रोलचे सगळे रबरी पाइपही बदलून घेतले. पंपावर आता इथेनॉल मिसळलेलं २० टक्क्यांचं पेट्रोल येतं, वीस वर्षांच्या जुन्या रबरावर त्याचा भरवसा ठेवायला मन धजलं नाही. पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) बदलले नाहीत, फक्त उघडून साफ केले आणि बुश टाकले.

रंगावरून घरात भांडण झालं. भाच्याला मिलिटरी हिरवा हवा होता. मलाही हवा होता, खोटं कशाला बोलू. पण ऑलिव्ह ग्रीन हा रंग केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे फक्त संरक्षण दलाच्या गाड्यांना चालतो, आणि दुसरा कुठलाही रंग मारला तरी तो आरसी बुकात चढवावा लागतो. गाडीच्या नोंदणीची मुदत डिसेंबर २०२४ मध्ये संपत होती, पासिंगला जायचंच होतं. म्हणून होता तोच पांढरा. पंधरा वर्षांवरच्या खासगी मोटारीच्या नोंदणीचं नूतनीकरण एप्रिल २०२२ मध्ये ६०० वरून ५ हजारांवर गेलं होतं, पर्यावरण कर वेगळा. हे पैसे हिशोबात आधीच धरा. मी धरले नव्हते. पासिंगच्या दिवशी हेडलाइट, ब्रेक, हॉर्न, रिफ्लेक्टर सगळं पाहिलं गेलं. आधीच्या मालकानं लावलेला लोखंडी बंपर मी आदल्या रात्रीच काढून कोठ्यात (गोठ्यात) टाकला होता. तो अजून तिथंच आहे, म्हशीनं त्याला अंग घासायला घेतलं आहे.

दिवाळीनंतर गाडी हातात आली. खरी परीक्षा मात्र २०२५च्या जुलैत.

पहिला मोठा पाऊस झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी, आमचा सालदार (वर्षाच्या बोलीवरचा गडी) आणि युरियाच्या चार बॅगा असे निघालो. पांदणीच्या तोंडाशी लिव्हर ओढून फोर लो (चारही चाकांना ताकद, लो गिअरमध्ये) टाकला आणि छाती फुगवून आत घुसलो. शंभर मीटरवर गाडी बसली. रेस दिली तशी आणखी बसली. मागची चाकं गारा उडवत होती, सायलेन्सर मातीला टेकलं. मी दात-ओठ खात स्टिअरिंग फिरवतोय आणि सालदार खाली उतरून शांतपणे बघतोय. मग म्हणाला, "भाऊ, समोरचे चाकं त फिरूनच नाही रायले."

माझ्या गाडीच्या समोरच्या चाकांना आधीच्या मालकानं हातानं फिरवायचे हब बसवलेले आहेत. लिव्हर टाकण्याआधी खाली उतरून दोन्ही चाकांवरची चकती लॉककडे वळवायची असते, नाहीतर शाफ्ट आतल्या आत फिरतो आणि चाकं मोकळीच राहतात. मला हे माहीत होतं. मिस्त्रीनं दाखवलं होतं, मी दोनदा करूनही पाहिलं होतं. ऐनवेळी विसरलो. गुडघाभर गाऱ्यात हात घालून हब शोधले, फिरवले, चाकांखाली पळाट्या (कापसाची वाळलेली झाडं) टाकल्या आणि गाडी दुसऱ्या गिअरवर, रेस न देता, स्वतःहून बाहेर आली. कोणाची जोडी लागली नाही, ट्रॅक्टर लागला नाही. सालदारानं ही गोष्ट गावात सांगितली, पण हब लॉक झाल्यानंतरचा भाग गाळून.

त्यानंतर पूर्ण पावसाळ्यात दोनदाच अडकलो. एकदा नाल्याच्या काठावर एक समोरचं आणि एक मागचं चाक हवेत गेलं तेव्हा. डिफरन्शिअल (दोन चाकांत ताकद वाटणारे गिअर) साधे असल्यानं ताकद हवेतल्या चाकांनाच जाते, तिथं फोर बाय फोरचं काही चालत नाही. दुसऱ्यांदा टायरमुळे. रस्त्याच्या टायरची नक्षी काळ्या मातीनं पाच मिनिटांत भरते आणि चाक माठासारखं गुळगुळीत होतं. मग मोठ्या नक्षीचे मड टायर घेतले. ते डांबरी रस्त्यावर भुंग्यासारखे गुणगुणतात, पण पांदणीत फरक जमीन-अस्मानाचा. आणि कोरड्या डांबरी रस्त्यावर फोर व्हील टाकून गाडी चालवू नका. पुढचे आणि मागचे शाफ्ट तेव्हा एकमेकांना बांधलेले असतात, वळणावर ते एकमेकांशी भांडतात आणि त्याचं बिल तुम्हाला येतं.

रोजच्या वापराचं बोलायचं तर ही गाडी नागपूरला जायला घेऊ नये. मी तीनदा नेली. शंभर किलोमीटरच्या आसपासचं अंतर, पण पोहोचेपर्यंत पाठ आणि कान दोन्ही जातात. पॉवर स्टिअरिंग नाही, एसी नाही. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५च्या वर जातो, तेव्हा कापडी छताखाली बसणं म्हणजे पापडासारखं वाळणं. बायको मागच्या आडव्या सीटवर एकदाच बसली, उमरेडपर्यंत. परत येताना ती एसटीनं आली. आई मात्र पुढे बसून दर आठवड्याला वावरात येते. गुडघ्यांमुळे तिचं वावर चार वर्षं सुटलं होतं. चढताना स्टूल लागतो, तो आता गाडीतच असतो.

पेट्रोल लिटरला नऊ-दहा किलोमीटर, पांदणीच्या दिवसांत त्याहून कमी. टाकी ४० लिटरची, ती पूर्ण भरायचा प्रसंग मी टाळतो.

वायरिंगनं एकदा दगा दिला, पण तो उंदरांचा. गाडी कोठ्याशेजारी उभी असते, शेजारी ढेप आणि कुटार, म्हणजे जनावरांचं खाद्य. ऑक्टोबरात एका सकाळी सेल्फ लागेना, बॉनेट उघडलं तर इंजेक्टरकडे जाणारी वायर कुरतडलेली आणि बॅटरीवर सरकीचे दाणे. आता रात्री बॉनेट थोडं उघडं ठेवतो. अंधारात उबदार जागा मिळाली नाही की ते येत नाहीत, असं मिस्त्रीचं म्हणणं. आतापर्यंत तरी आले नाहीत.

हिशोबानं पाहिलं तर पाच लाखांत माझ्याकडे बावीस वर्षांची, एसी नसलेली गाडी आहे. पण गेल्या हंगामात तुरीवरची एकही फवारणी चुकली नाही. सोयाबीन ओलं व्हायच्या आत ताडपत्री वावरात पोहोचली, ती हिनंच पोहोचवली. पांदणीचा रस्ता उद्या खडीकरण होऊन पक्का झाला तर मी ही गाडी ठेवीन का, असं भाचा विचारतो. ठेवीन. पण तेव्हा ती हौस असेल, हे मान्य करून ठेवीन.

सध्या दोन कामं बाकी आहेत. ट्रान्सफर केसचे (पुढच्या-मागच्या शाफ्टला ताकद वाटणारा गिअरबॉक्स) तीन रबर बसले आहेत, क्लच सोडताना खालून ठोका येतो. आणि पाचव्या गिअरला सत्तरच्या पुढे बारीक शिट्टी वाजते. मिस्त्री म्हणतो मार्चमध्ये आणा. गाडी १ जुलैच्या आधी गॅरेजबाहेर आली पाहिजे, ही अट या वेळी मी आधीच घालून ठेवली आहे.